हृदयाच्या रक्तपुरवठ्याची रासायनिक साक्ष : ट्रोपोनिनचा अहवाल आणि वैद्याचे कर्तव्य

छातीतील वेदना घेऊन निघालेला रुग्ण थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, असे आपल्या भागात क्वचितच घडते. तो प्रथम औषधाच्या दुकानात जातो, नंतर ओळखीच्या वैद्याकडे येतो आणि तेथून पुढे जायचे की घरी परतायचे, हे वैद्याच्या शब्दावर ठरते. भुसावळसारख्या गावात तर हे विशेषत्वाने अनुभवास येते. रेल्वेतील नोकरी, आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र यांमुळे पाळीने काम करणारा वर्ग येथे मोठा आहे. त्याच्या जेवणाची व झोपेची वेळ निश्चित नसते. खानदेशी आहार तिखट व तेलकट. रात्री शेवभाजी किंवा भरीत-पुरी झाली आणि पहाटे छातीत दडपण आले, की रुग्ण स्वतःच निदान करून येतो : “वैद्यराज, गॅस अडकला आहे, काहीतरी द्या.”

अलीकडे अशा रुग्णाच्या हातात एक कागदही असतो. त्यावर ‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ असे लिहिलेले असते. तो कागद पाहून रुग्ण निश्चिंत होतो, नातेवाईक निश्चिंत होतात, आणि अम्लपित्ताची चिकित्सा सुरू करण्यास वैद्यालाही जणू परवाना मिळतो. आमच्या मते खरा धोका याच ठिकाणी आहे. सदर तपासणी नेमके काय मोजते, केव्हा मोजते आणि काय मोजू शकत नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रोक्त भूमिका

हृदय हे त्रिमर्मांपैकी एक. सुश्रुताचार्यांनी त्याची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सतराव्या व चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात हृद्रोगाचे वर्णन येते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हृद्रोगाचा स्वतंत्र अध्याय असून त्याच्या आधीच्या अध्यायात, गुल्माच्या प्रसंगाने, हृच्छूलाचा निर्देश आहे. तेथील संप्राप्ती आजही मननीय आहे. कफ व पित्त यांनी मार्ग रोधलेला वायू रसाच्या आश्रयाने हृदयात शूल उत्पन्न करतो व श्वासोच्छ्वासाला अडथळा करतो, असा त्याचा आशय आहे. अवरोध प्रथम, शूल नंतर, हा क्रम आचार्यांनी स्पष्ट ठेवला आहे. वातज हृद्रोगात ताणल्यासारखी, टोचल्यासारखी, घुसळल्यासारखी व फाटल्यासारखी वेदना सांगितली आहे. रुग्ण ‘जळजळते’ असे न म्हणता ‘कुणी छातीवर बसले आहे’, ‘आवळल्यासारखे वाटते’ असे म्हणू लागला, की या वर्णनाचे स्मरण व्हावे.

अवरोध आणि अवरोधाचा परिणाम या दोन भिन्न अवस्था आहेत. आधुनिक प्रयोगशाळेतील तपासण्या समजून घेतानाही हाच भेद कामी येतो.

रक्त कमी पडले असता पेशीत काय घडते

हृदयाचा स्नायू विश्रांतीच्या अवस्थेतही धमनीतून आलेल्या रक्तातील सुमारे ७० ते ७५ टक्के प्राणवायू काढून घेतो. इतर अवयवांप्रमाणे ‘गरज वाढली की अधिक शोषून घेऊ’ ही सोय त्याला फारशी नाही. गरज वाढली तर रक्ताचा प्रवाहच वाढावा लागतो. धमनी अरुंद झाली किंवा गुठळीने बंद झाली, तर काही सेकंदांतच पेशीतील प्राणवायूवर चालणारे चयापचय बंद पडू लागते आणि सुमारे एका मिनिटाच्या आत त्या भागाचे आकुंचन मंदावते. एरवी हृदय रक्तातील लॅक्टेट इंधन म्हणून वापरते. प्रवाह तुटला की तेच हृदय लॅक्टेट बाहेर टाकू लागते. ॲडेनोसिन, हायपोझँथिन ही द्रव्येही वाढतात. इथपर्यंतची हानी भरून येण्यासारखी असते.

प्रवाह पूर्ण बंद राहिला तर सुमारे वीस मिनिटांनंतर पेशींचा कायमचा नाश सुरू होतो. तो हृदयाच्या आतील थरापासून बाहेरच्या थराकडे पसरतो व साधारणतः चार ते सहा तासांत त्या प्रदेशाचा मोठा भाग मृत होतो. पेशीचे आवरण फुटले, की आतील प्रथिने रक्तात येतात. ट्रोपोनिन हे त्यांपैकीच एक. ते स्नायूच्या आकुंचनाचे नियमन करते. एरवी त्याचे स्थान पेशीच्या आत असते, रक्तात नव्हे.

यावरून दोन प्रकारच्या रासायनिक खुणा मानाव्या लागतात. पहिल्या प्रकारच्या खुणा रक्तन्यूनतेच्या, दुसऱ्या पेशीनाशाच्या. आपल्याकडील प्रयोगशाळा नित्य ज्या मोजतात त्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

रक्तन्यूनता मोजण्याचे प्रयत्न

पहिल्या प्रकारची खूण सापडावी म्हणून संशोधकांनी पुष्कळ प्रयत्न केले. हृदयातून परतणाऱ्या शिरेत नळी घालून धमनीतील व त्या शिरेतील लॅक्टेटची तुलना करता येते. ही पद्धत संशोधनात उपयोगी पडली. परंतु वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाच्या शय्येशी ती करणे शक्य नाही. हाताच्या शिरेतील रक्तात पाहावे, तर लॅक्टेट धावण्याने, ज्वराने, यकृताच्या विकारानेही वाढते.

पुढे अल्ब्युमिनकडे लक्ष गेले. रक्तन्यूनतेच्या प्रदेशातून गेलेल्या अल्ब्युमिनची कोबाल्टसारख्या धातूला बांधून ठेवण्याची शक्ती कमी होते, असे दिसून आले. त्यावर आधारलेल्या तपासणीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली मान्यता दिली. ही खूण काही मिनिटांतच वाढते व काही तासांत पूर्ववत होते, हा तिचा मोठा गुण. परंतु पक्षाघात, यकृताचे काठिण्य, वृक्कविकार यांतही ती वाढते. त्यामुळे ती दैनंदिन व्यवहारात रुजली नाही. तात्पर्य, हृदयाला रक्त कमी पडत आहे एवढेच, आणि तेही पेशी मरण्यापूर्वी, खात्रीने सांगणारी साधी रक्ततपासणी आपल्या हाताशी नाही. हे वाक्य आपण सर्वांनी लक्षात ठेवावे अशी विनंती आहे.

पेशीनाशाच्या खुणांचा इतिहास

१९५४ साली न्यूयॉर्क येथे लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कारमेन यांनी हृदयाघातानंतर रक्तातील एस.जी.ओ.टी. वाढते असे दाखविले. आज आपण ती तपासणी यकृतासाठी लिहितो; तिचा पहिला मान हृदयाचा होता. १९६० च्या सुमारास क्रिएटिन कायनेज व त्यानंतरच्या दशकांत त्याचा हृदयाशी अधिक निगडित असलेला सीके-एमबी हा प्रकार वापरात आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रोपोनिन मोजण्याच्या पद्धती निघाल्या. ट्रोपोनिन-टी मोजण्याच्या कामी जर्मनीतील ह्यूगो काटुस यांचे कार्य मूलभूत मानले जाते. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी हृदयाघाताची व्याख्या नव्याने केली व ट्रोपोनिनला अग्रस्थान दिले. २०१८ च्या चौथ्या जागतिक व्याख्येने आणखी एक भेद स्पष्ट केला. ट्रोपोनिन मर्यादेबाहेर असणे म्हणजे हृदयस्नायूला इजा. तिला हृदयाघात म्हणावयाचे, तर आकड्यात चढ वा उतार हवा आणि सोबत रक्तन्यूनतेचे लक्षण, ई.सी.जी.तील बदल किंवा चित्रणातील पुरावा हवा.

सारांश, सर्वांत प्रगत व्याख्येनेही एकट्या आकड्याला निदानाचा अधिकार दिलेला नाही. लक्षणे आणि परीक्षण यांचे स्थान कायम आहे.

वेळेचा हिशेब

वेदना सुरू झाल्यानंतर मायोग्लोबिन एक ते तीन तासांत वाढते, परंतु ते सर्वच स्नायूंत असल्याने विश्वसनीय नाही. सीके-एमबी सुमारे चार ते सहा तासांत वाढते, चोवीस तासांच्या आसपास शिखर गाठते व दोन ते तीन दिवसांत उतरते. नेहमीच्या पद्धतीने मोजलेला ट्रोपोनिन तीन ते सहा तासांत वाढू लागतो, बारा ते चोवीस तासांत शिखरावर पोहोचतो आणि सात ते चौदा दिवसांपर्यंत रक्तात राहू शकतो. उच्च संवेदनशील पद्धतीने हा काळ बराच कमी होतो. म्हणून मोठ्या रुग्णालयांत पहिल्या नमुन्यानंतर एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरा नमुना घेतात. नेहमीच्या पद्धतीत हे अंतर तीन ते सहा तासांचे धरावे.

पहाटे चार वाजता वेदना सुरू झाली, पाच वाजता रक्त दिले आणि सहा वाजता ‘निगेटिव्ह’ असा कागद मिळाला, तर त्या कागदाने काहीही सिद्ध होत नाही. खूण रक्तात येण्यापूर्वीच आपण तिचा शोध घेतला एवढाच त्याचा अर्थ. आणखी एक शक्यता ध्यानी घ्यावी. धमनी पूर्ण बंद न होता अधूनमधून अवरुद्ध होत असेल, तर वेदना खरी असते, धोका खरा असतो, तरीही पेशी न मेल्याने ट्रोपोनिन दुसऱ्या व तिसऱ्या वेळीही प्राकृत येऊ शकतो. अस्थिर हृच्छूलाची ही अवस्था मोठ्या आघाताची पूर्वसूचना असू शकते.

याउलट, धमनी पूर्ण बंद झाल्याचे ई.सी.जी.त स्पष्ट दिसत असेल, तर ट्रोपोनिनची वाट पाहणे हाच अपराध ठरतो. भारतातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांच्या २०,४६८ रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास आढळला. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविणारे औषध सुरू होण्यास मात्र सुमारे ५० मिनिटे लागली. विलंब रुग्णालयात जेवढा होतो त्याहून कितीतरी अधिक घरी, वाटेत आणि पहिल्या सल्ल्याच्या ठिकाणी होतो. तो पहिला सल्ला अनेकदा आपण देतो. दक्षिण आशियातील लोकांत पहिला हृदयाघात सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील लोकांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून ‘वय लहान आहे, हृदयाचे नसेल’ हा तर्क आपल्या रुग्णाला लागू करू नये.

अहवाल वाचताना

गावातील लहान प्रयोगशाळांत पुष्कळदा कार्डावरची तपासणी होते. एक रेघ किंवा दोन रेघा, एवढेच तीत दिसते. ठरावीक मर्यादेखालील वाढ ती दाखवू शकत नाही. अहवालावर ‘कार्ड पद्धती’ असा उल्लेख आहे की आकडा दिला आहे, हे प्रथम पाहावे. आकडा असेल तर एकक पाहावे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात, काही नॅनोग्रॅम प्रति लिटर. ०.०४ आणि ४० हे दोन आकडे दिसायला अगदी भिन्न. एकक बदलले की एकच. उच्च संवेदनशील ट्रोपोनिन-टीची प्रचलित मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. ट्रोपोनिन-आयची मर्यादा संचागणिक बदलते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून चढ-उतार ठरवू नये. दुसरा नमुना शक्यतो त्याच ठिकाणी द्यावा. पहिला आकडा आधीच वाढलेला असेल, तर त्यात २० टक्क्यांहून अधिक बदल हा ताज्या घटनेचा द्योतक मानतात.

आकडा वाढलेला दिसला म्हणजे धमनीच बंद झाली असेही नाही. जुनाट वृक्कविकारात तो कायम थोडा वाढलेला असू शकतो. फुप्फुसातील गुठळी, तीव्र संसर्ग, हृदयस्नायूचा शोथ यांतही तो वाढतो. आपल्या शेतशिवारातील एक कारण आवर्जून सांगावेसे वाटते. लाल विंचवाच्या दंशाने हृदयस्नायूला इजा होते. महाड येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या विषयावर केलेले कार्य व प्राझोसिन या औषधाचा त्यांनी दाखविलेला उपयोग जगन्मान्य झाला आहे. विंचूदंशाच्या रुग्णात घाम, थंड हातपाय व धाप दिसली, तर ‘विष उतरेल’ म्हणून वाट पाहू नये.

स्नायूत दिलेल्या सुईचाही येथे विचार करावा. छातीच्या दुखण्यावर कमरेत वेदनाशामक सुई देण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही. त्या सुईने रक्तातील एकूण क्रिएटिन कायनेज वाढते व अहवाल वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. पुढे गुठळी विरघळविणारे औषध द्यावे लागले, तर सुईच्या जागी रक्तस्राव होण्याचा धोका राहतो. यास्तव हृच्छूलाची शंका असता स्नायूत सुई देऊ नये.

फार्मसीधारक बंधूंसाठी एक सूचना. केसांच्या व नखांच्या आरोग्यासाठी बायोटिनच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात विकल्या जातात. शरीराची दैनंदिन गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते; बाजारातील काही गोळ्यांत १० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या शेकडो पट बायोटिन असते. ट्रोपोनिन मोजण्याच्या काही संचांत बायोटिनचाच उपयोग केलेला असल्याने असा रुग्ण तपासला असता आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला व २०१९ साली तो पुन्हा दिला. पहिल्या इशाऱ्यात अशा खोट्या अहवालानंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. काही उत्पादकांनी त्यानंतर आपले संच सुधारले आहेत, तरीही ‘केसांची गोळी चालू आहे का?’ हा प्रश्न विचारणे आपल्याला अवघड नाही.

अर्जुन आणि आपले दावे

चरकसंहितेतील हृद्य दशेमानीत अर्जुनाचा समावेश नाही. हृद्रोगात अर्जुनाचा उपयोग वाग्भटाचार्यांपासून दिसतो व चक्रदत्ताने त्याचा विशेष पुरस्कार केला. हा वारसा मोलाचा आहे आणि त्याची आधुनिक परीक्षाही झाली आहे. आपल्या शेजारच्या इंदूर येथे भरणी व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. स्थिर हृच्छूलाच्या ५८ पुरुष रुग्णांना अर्जुनसालीच्या अर्काची ५०० मिलिग्रॅमची मात्रा दर आठ तासांनी एक आठवडा देण्यात आली. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट व निष्क्रिय गोळी यांच्याशी तुलना केली. अर्जुनाने वेदनेचे प्रसंग कमी झाले व चालत्या पट्ट्यावरील चाचणीत सुधारणा दिसली.

या अभ्यासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, रुग्ण स्थिर अवस्थेतील होते. तीव्र आघातात अर्जुनाने धमनी उघडते, असा अर्थ त्यातून निघत नाही. दुसरी, मोजमाप श्रमसहनशक्तीचे होते आणि तुलनेसाठी निष्क्रिय गोळी होती. ‘आमच्या औषधाने ट्रोपोनिन उतरला’ असे अधूनमधून ऐकू येते. ट्रोपोनिन आघातानंतर कोणतेही औषध न देताही एक ते दोन आठवड्यांत उतरतोच. तुलनेचा गट नसलेला असा दावा टिकत नाही, आणि तो करणाऱ्यामुळे अर्जुनाचीच पत कमी होते. आघातानंतर स्थिरावलेल्या रुग्णात, चालू औषधे बंद न करता व तज्ज्ञांना कळवून, क्षीरपाकाच्या रूपाने अर्जुन देणे हे आम्हांस युक्त वाटते.

चिकित्सालयातील क्रम

छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा पोटाच्या वरच्या भागात नव्याने वेदना घेऊन प्रौढ व्यक्ती आली, तर प्रथम वेदना सुरू झाल्याची वेळ विचारावी व लिहून ठेवावी. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात वेदनेऐवजी घाम, धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच असू शकते. दहा मिनिटांच्या आत ई.सी.जी. व्हावा. आपल्याकडे यंत्र नसेल, तर ते जेथे आहे तेथे रुग्णाला बसवून न्यावे, चालवत नेऊ नये. ई.सी.जी. प्राकृत असला तरी वेदना चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो; म्हणून रुग्ण रुग्णालयातच असावा.

ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्यास देणे हा सर्वमान्य प्रथमोपचार आहे. जिभेखालील सॉर्बिट्रेट रक्तदाब पाहिल्याविना देऊ नये. सिल्डेनाफिल घेतलेल्या रुग्णात त्याने रक्तदाब एकदम कोसळतो, आणि वाजीकरणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तथाकथित वनौषधी उत्पादनांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळले आहे. म्हणून असे काही घेतले का, हेही विचारावे. तीव्र हृच्छूलात वमन-विरेचनाचा विचार करू नये. अभ्यंग, स्वेदन किंवा काढ्याची परीक्षा पाहण्यात वेळ दवडू नये.

१०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. या रुग्णवाहिकांवर बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत आले आहेत. हृदयाघाताच्या रुग्णाला मृत्यूच्या दारातून परत आणण्याच्या कामात आयुर्वेदाचे पदवीधर आघाडीवर आहेत, याचा आपणांस अभिमान वाटावा. जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याहून जुने. धमनीत फुगा घालण्याची सोय असलेल्या केंद्रात पहिल्या भेटीपासून १२० मिनिटांत उपचार होणे शक्य नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळविणारे औषध लवकर मिळणे श्रेयस्कर. हे औषध बारा तासांपर्यंत देता येते, परंतु पहिल्या तीन तासांतील त्याचा लाभ पुढे राहत नाही. आपल्या परिसरात कोणत्या रुग्णालयात रात्रीही कोणती सोय आहे, याची यादी प्रत्येकाने आधीच करून भिंतीवर लावावी.

औषध विक्रेत्यांनीही अम्लपित्तावरील चूर्ण किंवा पाचक देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वेदना केव्हापासून आहे? चालल्यावर वाढते का? घाम आला होता का? उत्तर संशयास्पद वाटले, तर चूर्ण न देता रुग्णाला वैद्याकडे किंवा रुग्णालयात पाठवावे. त्यात एका पाकिटाची विक्री जाईल, ग्राहक मात्र राहील.

शेवटी एक छोटी सवय सुचवावीशी वाटते. केसपेपरवर ट्रोपोनिनचा निष्कर्ष लिहिताना त्याच ओळीत तीन नोंदी कराव्यात : वेदना सुरू झाल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ आणि तपासणीची पद्धत. या नोंदींविना ‘निगेटिव्ह’ हा शब्द लिहूच नये. पुढील रुग्णालयातील वैद्यकालाही त्या ओळीवरून तत्काळ बोध होईल, आणि गॅस समजून घरी परत जाणारा एखादा रुग्ण वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचेल.